सूज उतरली ती गोळीमुळेच, काका!

दोन रविवारांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. वर जोडलेले हात, खाली लाल हृदय आणि मथळा: 'हार्ट फेल्युअरच्या गोळ्या जन्मभर घ्यायची गरज नाही, डॉक्टर हे सांगणार नाहीत.' असले मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकवते. पण हा इथे इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याने वाचला, चष्मा लावून वहीत उतरवून घेतला आणि सोमवारपासून लघवीची गोळी बंद केली. कुणाला पत्ता नाही. शुक्रवारी मी गेले तर ती पाठीशी तीन उशा लावून बसलेली, कारण आडवं पडलं की दम लागत होता. पाच दिवसांत वजन 58 वरून 61. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

मी ओरडले तर म्हणाली, "अगं, सूज उतरली होती ना, मग कशाला उगाच पोटात औषध?"

तिला काय बोलणार! मेसेजचा पहिला मुद्दाच तो आहे. 'सूज गेली की लघवीची गोळी थांबवा, नाहीतर किडनी जाते.' काका, आता नीट वाचा. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याचा जोर कमी पडणं. जोर कमी पडला की किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी झालं, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवायला लागते. ते पायात उतरतं, फुफ्फुसात साचतं. गोळी ते बाहेर काढते, पण किडनीची ती सवय मोडत नाही. गोळी थांबली की पाणी पुन्हा साचू लागतं. आत्याच्या बाबतीत त्याला पाच दिवस पुरले.

किडनीबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. ही गोळी जास्त झाली तर शरीर कोरडं पडतं, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारा आकडा, वाढतं, सोडियम-पोटॅशियम खाली येतं. म्हणूनच डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला लावतात आणि डोस कमी करतात, एखाद्याची गोळी बंदही करतात. पण ते रिपोर्ट आणि वजन बघून करतात, ग्रुपवरचा मेसेज बघून नाही.

खरा राग मला दुसऱ्या मुद्द्याचा आहे. 'इकोमध्ये पंपिंग सुधारलं म्हणजे आजार बरा झाला, सगळ्या गोळ्या सोडा.' आत्याचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते, वर्षभरात 25 वरून 45 वर आलं, तेव्हा या ओळीने तिला किती हायसं वाटलं असेल ते मला कळतं. पण नेमका हाच प्रश्न घेऊन लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता. नाव ट्रेड-एचएफ, छापून आला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. त्यात 51 जण होते, सगळे डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेले. औषधांनी त्यांचं पंपिंग 50 च्या वर आलेलं, हृदयाचा आकार जाग्यावर, त्रास काही नाही. आत्यापेक्षा कितीतरी चांगली स्थिती. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद केल्या. सहा महिन्यांत त्यातल्या 44 टक्के लोकांचा आजार परतला. गोळ्या चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. पुढे याही गटाच्या गोळ्या थांबवून पाहिल्या, तर त्यांच्यातही कित्येकांचा परतलाच.

अभ्यास लहान आहे आणि एकाच प्रकारच्या आजाराचा आहे, हे मान्य. पण पूर्ण 'बरे' दिसणाऱ्यांची ही गत, तर पंपिंग 45 असलेल्या बाईने सोमवारी उठून गोळ्या सोडायच्या? सुधारलेला इको म्हणजे औषध काम करतंय एवढंच.

तिसरा मुद्दा मिठाचा. 'सैंधव नैसर्गिक आहे, हवं तेवढं खा.' सैंधव असो की पुडीतलं पांढरं, दोन्हीत मुख्यतः सोडियम क्लोराइडच. हार्ट फेल्युअरच्या माणसाला दिवसाचं सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, यापलीकडे जाऊ नये असं सांगतात. त्यात इंदूर! सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव आणि वरून जीरावन मसाला, दुपारी पापड-लोणचं, संध्याकाळी कुणी आलं की नमकीनची बशी. आत्या अभिमानाने सांगते, 'मी वरून मीठ घेत नाही.' जीरावनात काळं मीठ असतं, हे तिच्या गावी नाही. आणि सैंधवापेक्षा घातक म्हणजे ते कमी सोडियमचं मीठ, जे काकू प्रेमाने आणून देतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आत्याला स्पायरोनोलॅक्टोन नावाची आणखी एक गोळी चालू आहे, ती शरीरात पोटॅशियम राखून ठेवते. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचा ठोकाच बिघडतो.

चौथा मुद्दा, 'डायबेटिस नसताना शुगरची गोळी देतात, कंपन्यांचा खेळ.' ती गोळी डापाग्लिफ्लोझिन. आधी ती शुगरसाठीच आली, बरोबर. पण 2019 मध्ये 4,744 हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि आजार बळावण्याचं किंवा हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी झालं, डायबेटिस असो वा नसो. आणि खेळ कुठल्या कंपनीचा? भारतात तिचं मूळ पेटंट 2020 मध्येच संपलं. दवा बाजारात विचारा, किती कंपन्यांची मिळते ते.

'रोज चार लिटर पाणी' हा मुद्दा सूज असलेल्या माणसाला सांगणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. प्रत्येकाने घोट मोजत बसावं असंही नाही. किती प्यायचं ते आपापल्या डॉक्टरला विचारायचं. आणि गोळ्यांऐवजी अर्जुनाच्या सालीचा काढा? वनस्पतींतून औषधं निघतात हे कोण नाकारतंय, डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्हच्या झाडातून आलं. पण त्याचाही डोस थोडा चुकला तर विष होतं. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून, गोळ्यांच्या जागी नाही.

मेसेजात जे हवं होतं ते मात्र कुठेच नाही. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणायचं नाही. त्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीलाही दुखावतात. किडनीची काळजी वाहणाऱ्या मेसेजला हे सुचलं नाही!

शुक्रवारीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच बोलावून घेतलं, तपासलं आणि थोडे दिवस लघवीची गोळी वाढवून दिली. आता वजनाचे आकडे आत्या कालनिर्णयावर लिहिते, एकादशीच्या चौकोनातसुद्धा. आज सकाळी 58.4. त्या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकलाय, काकांच्या मेसेजला उत्तर म्हणून.