परदेशातून : नार्वाची राख आणि चंद्रपूरचा प्रश्न

महाराष्ट्रात नव्या उद्योगांवर वाद पेटतो तो दोन आकड्यांवरून. किती कोटींचे करार झाले आणि किती गुजरातला गेले. 2022 साली वेदांत-फॉक्सकॉनच्या गुजरातला गेलेल्या चिप प्रकल्पावरून झालेला गदारोळ अजून आठवतो. वर्षभरात फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. 2023 मध्ये राज्याने हरित हायड्रोजनसाठी 8,562 कोटींचं धोरण मंजूर केलं. कोळशावर जगणाऱ्या माणसाला त्यात कुठलं काम मिळेल, हा प्रश्न चर्चेत जवळजवळ नसतोच.

एस्टोनियात तो प्रश्न टाळता आला नाही. अख्खा देश जेमतेम पावणेचौदा लाखांचा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याहूनही लहान. वीज वर्षानुवर्षं ईशान्येकडच्या इडा-विरू भागातल्या तेल-शेलवर, म्हणजे तेल देणाऱ्या जळाऊ खडकावर, चालायची. हा दगड जाळला की जवळपास निम्मी राखच उरते, आणि नार्वाच्या केंद्रांभोवती त्या राखेची विस्तीर्ण पठारं झाली आहेत. एका युनिट विजेमागे किलोभर, जुन्या संचांत त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युरोपात वीजकेंद्रांना या कार्बनसाठी पैसे मोजावे लागतात; त्याचा टनामागचा भाव 2017 च्या पाच-सहा युरोंवरून 2019 मध्ये 25 च्या आसपास गेला आणि शेलची वीज एका वर्षात निम्म्यावर आली. कुणी बंदी घातली नव्हती, हिशेबच जुळेना.

इथे एस्टोनियाचं चुकलं ते क्रमात. भट्ट्या 2019 मध्ये थंडावल्या. इडा-विरूसाठी युरोपच्या न्याय्य संक्रमण निधीतले (कोळसा-शेल सोडणाऱ्या भागांना सावरण्यासाठीचे) सुमारे 35.4 कोटी युरो कसे वापरायचे, त्याची योजना मंजूर झाली 2022 मध्ये. मधली तीन वर्षं कामगारांच्या अंगावर आली. शिवाय निधीचा मोठा भाग 2026 अखेर खर्चायचा, म्हणून प्रस्ताव तयार असलेल्यालाच पैसा आधी मिळतो.

तरी एक निवड मला मनापासून पटते. नार्वात चुंबकांचा कारखाना उभा राहिला, कारण तिथून पंचवीसेक किलोमीटरवर सिल्लामाएला दुर्मिळ मृदा-धातू, म्हणजे ताकदवान चुंबकांना लागणारे धातू, वेगळे करण्याचं कसब आधीपासून होतं. या कामात मिश्रधातू वितळवून पातळ पट्ट्या ओततात, हायड्रोजनने त्या फोडतात, मग तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत दळतात. ही पूड हवेत पेट घेते, म्हणून दळणापासून भट्टीपर्यंत नायट्रोजन किंवा आर्गॉनचं आवरण लागतं. चुंबकीय क्षेत्रात दाबून हजार-अकराशे अंशांवर भाजतात. बॉयलर, पंप आणि गॅसच्या लाइनी सांभाळलेल्या माणसाला यातलं बरंच शिकवता येतं. पण नोकऱ्या शेकड्यांत आहेत. खाणी आणि वीजकेंद्रांत हजारो होत्या. एका कारखान्याने ती तूट भरत नाही, हे सरकारने स्पष्ट सांगायला हवं होतं.

चंद्रपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र 2,920 मेगावॅटचं. 210 मेगावॅटचे पहिले दोन संच बंदही झाले. कायम कर्मचाऱ्याची बदली होऊ शकते. राख वाहणारा, कन्व्हेयर साफ करणारा कंत्राटी कामगार कुणाच्या यादीत आहे? कार्बनला भाव लावणारी भारतातली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली. औष्णिक वीज तिच्या पहिल्या टप्प्यात नाही, म्हणजे एस्टोनियाला न मिळालेला वेळ आपल्याला मिळाला आहे.

पैसाही आहे. खाणींची झळ बसलेल्या भागांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 30 टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांच्या 10 टक्के रक्कम जमा होते, आणि कौशल्य विकास त्याच्या प्राधान्यक्रमात लिहिलेला आहे. त्यातून आयटीआयमध्ये व्हॅक्यूम भट्टी, ज्वलनशील गॅसची सुरक्षा आणि उच्चदाब विजेचे अभ्यासक्रम आत्ताच सुरू करावेत. प्रत्येक संच बंद होण्याची तारीख पाच वर्षं आधी जाहीर व्हावी, सोबत त्या संचावरच्या कंत्राटी कामगारांची नावनिशीवार यादी. गुंतवणूकदाराला सवलतीचा हप्ता मिळावा तो या यादीतली किती माणसं कामावर घेतली ते पाहून. करारावर सही झाली म्हणून नव्हे.