मोबाइल बंद केल्याने वीज टळत नाही: सीमाभागात फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

वळवाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: मोबाइलच्या लहरी आकाशातील वीज खाली खेचतात; विजेच्या रेडिओ लहरी शास्त्रज्ञांनी शेकडो किलोमीटरांवरून मोजल्या आहेत, म्हणजे हे सिद्धच झाले; ट्रान्झिस्टर खरखरू लागला की वीज डोक्यावर आली आणि तो शांत असेल तर शेतातले काम चालू ठेवायला हरकत नाही; आणि म्हणून ढग दाटताच फोन बंद करावा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तरीही धूळवाफ पेरणीच्या घाईत उघड्या शिवारात असलेला माणूस या संदेशावर विसंबला, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

पहिले विधान चुकीचे आहे. ढगातून उतरणारी वीज साधारण 50 मीटरांच्या टप्प्यांनी खाली येते आणि जमिनीच्या अगदी जवळ आल्यावरच ती कोठे पडणार हे ठरते. तेव्हा महत्त्व असते ते आसपासच्या वस्तूंच्या उंचीला आणि टोकदारपणाला: माळावरचे एकटे झाड, विजेचा खांब, मोकळ्या रानात उभा असलेला माणूस. फोनच्या दुबळ्या लहरींमुळे हवा विद्युतवाहक होत नाही, त्यामुळे विजेला त्यातून वाट मिळण्याचा प्रश्नच येत नाही. हा समज बहुधा तारेच्या टेलिफोनवरून आला असावा. खांबांवरून घरात येणाऱ्या तारेतून विजेचा धक्का खरोखरच आत येतो, आणि चार्जिंगला लावलेला फोन अशा वेळी हातात धरू नये हा सल्ला त्यामुळेच रास्त आहे. पण तो दोष तारेचा आहे.

दुसऱ्या विधानात एक खरी गोष्ट आहे, फक्त तिचा अर्थ उलटा लावला आहे. विजेच्या रेडिओ लहरी मोजल्या जातात, आणि ते काम फार जुने आहे. रशियात अलेक्झांडर पोपोव यांनी 1895 मध्येच वादळाची चाहूल देणारा, रेडिओ लहरी पकडणारा संच दाखवला होता. वीज पडताना हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात वाहतो आणि त्यातून निघणाऱ्या लहरींचा जोर 5 ते 10 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 5 ते 10 हजार कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असतो. 10 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 30 किलोमीटर भरते. जमीन आणि सुमारे 70 ते 90 किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा (वातावरणातील वरच्या विद्युतभारित थराचा) तळ यांच्यामधल्या पोकळीतून अशा लहरी हजारो किलोमीटर जातात. मोबाइलच्या लहरींची कंप्रता याच्या लाखभर पट असते आणि लांबी काही सेंटीमीटरांपासून फार तर हातभर. विजेच्या लहरी दूरवर पोचतात एवढेच या मोजणीतून दिसते. एखादी लहर विजेला ओढून आणते असे त्यातून कोठेही निघत नाही. फोन स्वतः या लहरी पकडतो हा समजही खरा नाही, कारण त्याच्या अँटेनाची घडण त्यासाठी नसते.

विजेच्या या लहरी पकडायच्या असतील तर लाकडी चौकटीवर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे अनेक वेढे घेऊन, छोट्या ॲम्प्लिफायरमार्फत ते लॅपटॉपच्या साउंड कार्डाला जोडावे लागतात. 48 किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 48 हजार वेळा, लहरीचे नमुने घेणारे कार्ड 24 किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी नोंदवू शकते. बेळगाव शहरातल्या गच्चीवर बहुतेक वेळ वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची घरघरच कानी पडते. म्हणून विजेच्या तारांपासून दूर, खानापूर तालुक्यातील जांबोटीकडच्या एखाद्या मोकळ्या पठारावर जावे. तेथे दूरच्या विजांची तडतड सुटी सुटी ऐकू येते, आणि रात्री तिच्यात तार छेडल्यासारखे उतरत जाणारे सूर मिसळतात. लॅपटॉपवर काढलेल्या लहरींच्या आलेखावर 18.2 किलोहर्ट्झला एक सलग रेघ दिसते. ती तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या प्रक्षेपण केंद्राची.

तिसऱ्या विधानातला ट्रान्झिस्टर खरखरतो हे खरे आहे. मीडियम वेव्हवर सांगली किंवा धारवाड केंद्र ऐकलेल्या प्रत्येकाला ती खरखर माहीत आहे. मात्र त्या आवाजावरून अंतर कळत नाही, कारण दूरची प्रचंड वीज आणि जवळची साधी वीज सारख्याच जोराने वाजू शकतात. शिवाय खानापूर भागात रानडुकरे आणि गवे यांच्यासाठी लावलेले कुंपणाचे झटका मशीन रेडिओत सेकंदाला साधारण एकदा टक् करते. मोटारपंप आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही तसाच त्रास देतात. एफएमवर तर ही खरखर जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून शांत रेडिओचा अर्थ सुरक्षित शिवार असा घेणे घातक आहे.

वीज कोठे पडली हे ठरवायचे तर एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक केंद्रांवर तीच लहर नेमकी केव्हा पोचली याची तुलना करावी लागते. बेळगावजवळ पडलेल्या विजेची लहर पुण्याला सुमारे एक सहस्रांश सेकंदात पोचते. घड्याळात एका मायक्रोसेकंदाची (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची) चूक झाली तरी अंतरात 300 मीटरांची चूक होते, म्हणून सर्व केंद्रांची घड्याळे जीपीएसने जुळवलेली असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप अशाच जाळ्यावर चालते आणि आपल्या ठिकाणापासून 20 व 40 किलोमीटरांच्या आत पडणाऱ्या विजा दाखवते. कर्नाटकात राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे ‘सिडिलु’ ॲपही आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चौथ्या विधानाची. फोन बंद केला की विजेवर काहीच परिणाम होत नाही, पण अशा ॲपचा इशारा पोचण्याचा मार्ग बंद होतो. फोन चालू ठेवावा, त्याचे लोकेशन आणि इंटरनेटही चालू असावे. कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात रेंज मिळत नाही, तेथे कानावर विसंबावे: लखलखाट आणि गडगडाट यांच्यात 30 सेकंद गेले तर वीज सुमारे 10 किलोमीटरांवर आहे, आणि 30 सेकंदांत किंवा त्याआधी गडगडाट झाला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. झाडाखाली आणि पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे उलटेपर्यंत शेतात परतू नये.