सेवा म्हटली की मालक आलाच ना?
ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरचा लेख आवडला, पण त्यातल्यासारखं 'देवाची सेवा हेच खरं स्वातंत्र्य' असं नुसतं म्हटलं की तरुण पोरं हसतात हो. आमच्या यूथ मीटिंगमध्ये एकाने सरळ विचारलं, सेवा म्हटली की मालक आलाच ना, मग फ्री कसला? मी त्याला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला पण तिथल्या चर्चवाल्यांचंही निमूट ऐकलं नाही बाईंनी, स्वतःला पटेल तेच मानलं. आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा, मुली पुण्याजवळच्या केडगावला आणल्या, तिथल्या आश्रमाचं नाव काय ठेवलं तर मुक्ती! त्याच बायका पुढे छापखान्यात काम करायला लागल्या आणि रमाबाई स्वतः हिब्रू ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, 1922 ला वारल्या, जवळपास तोपर्यंत तेच काम. सनातन्यांची भीती नाही की मिशनऱ्यांची नाही. लेखात बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र घेतलंय, मोकळे झालात तर प्रेमाने एकमेकांची सेवा करा, ते बरोबरच, पण खरं सांगते मला केडगाव जास्त जवळचं वाटतं. तो पोरगा आता दर रविवारी खुर्च्या लावायला येतो, वाद मात्र अजून घालतोच 😄