दिवाळीनंतर या

नोकरी सोडू नका. कुणी सोडायला सांगितलीच, तर त्याचा कोर्स किती रुपयांचा आहे ते आधी विचारा. नोकरी ठेवायची, एक तारखेचा पगार ठेवायचा आणि संध्याकाळी साडेसातनंतर नागपुरातल्या दुकानदारांचं मार्केटिंग करायचं. मीही तुमच्यासारखाच. दिवसा मिहानमधल्या एका कंपनीत बसतो आणि गेली दोन वर्षं हा जोडधंदा करतो. दोन वर्षांत गिऱ्हाइकं किती मिळाली ते विचारू नका. मार्गदर्शन करायला गिऱ्हाईक लागत नाही, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलंच असेल.

सुरुवातीचे चार महिने कुठल्याही दुकानाची पायरी चढायची नाही. आधी नाव ठरवा. नाव इंग्रजी हवं आणि त्यात 'ग्लोबल' हवंच, मग तुमचं जग मानेवाडा चौकापासून सक्करदऱ्यापर्यंतच का असेना. मग लोगो. त्यात वर जाणारा बाण घाला. माझा लोगो पाहून बायको म्हणाली, "हे जिन्याचं चित्र कायले काढलं?" घरच्यांना ब्रँडिंग समजत नाही, मनावर घेऊ नका. मग व्हिजिटिंग कार्ड. कागद जाड, कडा सोनेरी, नग पाचशे. छापणारा मला म्हणाला होता, "भाऊ, आधी शंभर छापून पाहा ना." छोट्या विचारांची माणसं अशीच बोलतात.

एवढं झालं की जीएसटीची काळजी सुरू करा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. तुमची उलाढाल शून्य आहे, त्यामुळे विचार करायला भरपूर वाव आहे. मी यावर ओळखीच्या सीएचे तीन रविवार खाल्ले. चौथ्या रविवारी त्याने फोन उचलला नाही.

ऑफिसात हे गुपित ठेवायचं असतं. नेमणुकीच्या पत्रात कुठेतरी लिहिलेलं असतं की परवानगीशिवाय दुसरं काम करता येणार नाही. ते पान वाचू नका, उगाच झोप उडते. २०२२ साली विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर त्याचीच चर्चा होती. तुम्ही तर कूलरवाल्यासाठी पोस्ट टाकणार, त्यात कसली स्पर्धा, असं वाटत असेल तर एचआरला जाऊन सरळ विचारता येतं. पण सरळ विचारण्यात मजा नाही. त्यापेक्षा धंदा बायकोच्या नावावर दाखवा आणि लिंक्डइनवर स्वतःच्या फोटोखाली 'संस्थापक' लिहा. पहिली लाइक एचआरच्या मॅडमचीच येते. माझ्या इन्स्टाग्राम पानाला ४३ लोक फॉलो करतात, त्यातले ३८ माझ्याच मजल्यावर बसतात. असं आहे माझं गुपित.

आता वेळेचं गणित, कारण खरी कला इथेच आहे. दुकानदार मोकळा असतो दुपारी दोन ते पाच. गिऱ्हाईक नसतं, पंखा फिरत असतो, पेपर तिसऱ्यांदा वाचून झालेला असतो. त्या वेळी कुणीही आलं तरी तो स्टूल पुढे करतो आणि पोऱ्याला चहा सांगतो. नेमकं तेव्हा तुम्ही खापरीपलीकडे एसीत बसून मीटिंगमध्ये मान हलवत असता. सुटता साडेसहाला. मेट्रोने सीताबर्डीला उतरता, बर्डीच्या गर्दीतून साडीच्या दुकानात शिरता आणि घड्याळात साडेसात झालेले असतात. लग्नसराई. गादीवर चाळीस साड्यांचा ढीग, समोर एक आई, दोन मुली आणि कुठलीच साडी पसंत न पडणारी एक मावशी. अशा क्षणी मध्ये वाकून म्हणायचं, "सर, फक्त दोन मिनिटं. तुमच्या ब्रँडच्या डिजिटल प्रेझेन्सबद्दल बोलायचं होतं."

मालक आधी प्रेमाने विचारतो, "बोला, काय दाखवू?" नंतर विचारत नाही.

राहिला रविवार. आपलं नागपूर वारांच्या नावाने बाजार वसवणारं शहर आहे: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. एवढे वार असून तुमच्या वाट्याला फक्त रविवार येतो आणि इतवारीतली ठोक दुकानं नेमकी इतवारीच बंद असतात. बंद शटरच्या फटीतून कार्ड आत सरकवून या. सोमवारी सकाळी नोकर ते केरात काढतो, म्हणजे कुणाच्या तरी हातात पडतंच.

आमच्या ऑफिसातला एक जण महिन्यातून एकदा मंगळवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकतो. दुपारी तीनला त्याच त्या गल्लीत जातो, चहा पितो, मार्केटिंगचा विषयही काढत नाही. दुकानदारच विचारतो, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, मग हे जरा पाहा बरं." त्याच्याकडे सहा गिऱ्हाइकं आहेत आणि सहाही जण दर महिन्याला पैसे देतात. अशा माणसांपासून लांब राहा. त्याच्याकडे साधा लोगोसुद्धा नाही.

बोलताना शब्द जड वापरा. फनेल, एंगेजमेंट, रीच, ब्रँड अवेअरनेस. सावजी भोजनालयाच्या मालकाला मी वीस मिनिटं फनेल समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आमच्याकडे आहे ना फनेल. तेल ओतायले लागते." मग हात पुसत त्याने विचारलं, "तुमच्यानं माणसं किती येईन, ते सांगा." या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. त्याऐवजी महिन्याच्या पोस्टचं कॅलेंडर पाठवावं. मी पाठवलं होतं. ते एका फिटनेस क्लबसाठी तयार केलेलं होतं, त्यातली नावं तेवढी बदलली. आषाढी एकादशीला सकाळी सहा वाजता त्याच्या पानावर लाल तर्रीत बुडालेल्या मटणाचा फोटो आणि खाली 'शुभ सकाळ' असं गेलं. तो मालक माळकरी निघाला. फुकटात केलेलं हे कामही मी असं गमावलं.

ओळखीच्यांकडून सुरुवात करा, असं सगळेच सांगतात. करा. मामाचं मंगल कार्यालय असतं, काकूच्या बहिणीची मेस असते. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करा, एका यादीत २५६ माणसं बसतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणजे ज्यांना तुम्ही आधीच छळलंय, त्यांनाच. यातून येणारी सगळी कामं 'घरचीच' असतात. घरच्या कामाचा दर ठरलेला असतो: जेवून जा. तीन रील आणि एक फ्लेक्स यांच्या बदल्यात मला पाव किलो संत्रा बर्फी मिळाली, तीही मामी म्हणाली म्हणून. पैशांचं बोलणं काढलंत तर पुढच्या लग्नात तुम्हाला वाढपी करतात.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंसाठी मी रिव्ह्यूंची मोहीम राबवली. ऑफिसातल्या पंचवीस पोरांना सांगितलं आणि एका संध्याकाळी पंचवीस वेळा पाच तारे पडले. 'ब्लाउजची फिटिंग एकदम परफेक्ट,' असं टेस्टिंग टीमच्या प्रमुखाने लिहिलं. त्याला मिशा आहेत आणि त्या प्रोफाइलच्या फोटोत स्पष्ट दिसतात. खोटे रिव्ह्यू गुगलच्या नियमांत बसत नाहीत आणि ते काढूनही टाकले जातात. आठवड्याभरात गेले. जाताना ताईंच्या दोन खऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेलंही गेलं. ताई अजून भेटल्या की हसतात. ते हसणं मला आवडत नाही.

आता कूलरवाल्या काकांचं सांगतो, कारण सर्वांत जास्त कष्ट मी तिथे घेतलेत. आमच्या घराजवळच त्यांचं दुकान आहे. कूलर, मोटर, पंप, खस, सगळं. नागपुरात कूलरचं मार्केटिंग करायचं म्हणजे काय अवघड? २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ पर्यंत गेला होता. माल खपवायला ऊन आहेच, आपण फक्त जवळ उभं राहायचं. मी पहिल्यांदा गेलो जुलैत. काका प्लॅस्टिकने झाकलेल्या कूलरला टेकून पेंगत होते. म्हणाले, "पावसाळ्यात कोण कूलर घेते भाऊ? पोळा होऊ द्या." पोळा झाला. दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' करत काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली आणि मी दुकानात हजर. "आता गणपती आहे, मग पितृपक्ष. दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर गेलो तर दुकानात गीझर लागले होते. "थंडीत कूलरचं नाव काढून राहिले तुम्ही? मार्चमध्ये या ना बाप्पा." मार्चमध्ये गेलो तेव्हा काका गुडघाभर खसमध्ये उभे, हातात मोटर, समोर आठ माणसं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता मरायले टाइम नाही. दिवाळीनंतर या."

यातून निराश व्हायचं नाही. शंभर कार्डं त्यांच्या गल्ल्याजवळ ठेवून यायचं आणि म्हणायचं, "कोणी विचारलं तर द्या." मी तेच केलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन वाकवून पाहिलं. म्हणाले, "कागद चांगला आहे."

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. गुगलवर काकांच्या दुकानाची नोंद होती, तिच्यात नंबर चुकीचा होता. दुकान सोमवारी बंद दाखवत होतं, काका बंद ठेवतात गुरुवारी. फोटोत दुकानाऐवजी समोर उभी केलेली कुणाची तरी स्कूटी होती. ही नोंद फुकट असते. मालकाच्या फोनवरून ती आपल्या ताब्यात घ्यायची, पडताळणीसाठी दुकानाचा एक व्हिडिओ काढायचा, नंबर, वेळ आणि चार धड फोटो टाकायचे. जवळपास कूलर शोधणाऱ्याला गुगल दुकान दाखवतं ते अंतर, शोधलेल्या गोष्टीशी असलेला मेळ आणि दुकानाचं नाव किती चर्चेत आहे यावरून. त्यासाठी ना लोगो लागतो ना बाण. एवढं करून दिलं असतं तर काका निदान ऐकून घ्यायला बसले असते. पण मग मी ठरवलं की हे फारच किरकोळ काम आहे. ग्लोबल कंपनीने फोन नंबर दुरुस्त करत फिरावं का? मी त्याऐवजी त्यांच्यासाठी अठरा पानांचं प्रेझेंटेशन केलं. त्यात 'ग्राहकाचा प्रवास' नावाचं एक पान होतं.

गेल्या मे महिन्यात, शनिवारी दुपारी, आमच्या घरच्या कूलरची मोटर जळाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढून गुगलवर काकांचं दुकान शोधलं आणि दिसलेला नंबर लावला. कामठीहून एका गृहस्थाने उचलला. "इथं कूलर भेटत नाही हो! सकाळपासून कितीजणांले सांगू?" त्यांनी पुढे जे म्हटलं ते इथे छापता येण्यासारखं नाही.

डोक्याला दुपट्टा बांधून चालत गेलो. दुकानापासून शेजारच्या चक्कीपर्यंत रांग. काका आत, पोरगा बाहेर. गर्दी आवरायला तो प्रत्येकाला एक-एक नंबर लिहून देत होता, जाडसर कागदाच्या तुकड्यावर. सोनेरी कडा उन्हात चमकत होत्या. पोराने माझ्याकडे न पाहताच खसाखसा ३४ लिहिलं आणि हातात ठेवलं. "संध्याकाळी सहाच्या आत नाही होणार, काका."

दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी कार्डं एवढ्या लोकांच्या हातात पोचली होती. पुढे उभ्या असलेल्या माणसाने आपलं कार्ड उलटवलं, वर जाणारा बाण बराच वेळ न्याहाळला आणि मागे वळून मला विचारलं, "भाऊ, हे मागं काय छापून आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमचा नंबर कितवा?"