कुलूप आसा गो

आज वसुबारस. सकाळी साडेनऊला आमचे आबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काखेत कामट्यांचा भारा घेऊन वाडीच्या सभागृहाकडे गेले, आणि पाऊण तासाने तोच भारा घेऊन परत आले. मी चुलीपुढून उठून बाहेर आले तर पडवीत बसून चपला काढत होते. "कुलूप आसा गो. पोरांका सांग, येव नकात," एवढंच म्हणाले. भारा कोपऱ्यात उभा केला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि मागल्या दारी जाऊन माडाच्या मुळात पाणी घालत बसले. त्या माडाला काल संध्याकाळीच पाणी झालं होतं.

दुपारपासून लिहू की नको चाललंय. लिहितेच.

आबा म्हणजे माझे सासरे. वय ७८. उभं आयुष्य एसटीत कंडक्टर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जणींनी मिळून वाडीत एक साधी गोष्ट केली होती. सभागृह चार दिवस मागून घेतलं, सकाळी दहा ते बारा. ज्यांना जे येतं ते त्यांनी पोरांना शिकवायचं, बस. ना बॅनर, ना पाहुणे. आबांनी आकाशकंदील करायला शिकवलं. चिव्याची म्हणजे बारीक बांबूची काठी उभी फाडायची कशी, गाठीवर कोयता अडला की जोर न करता हलकेच कसा फिरवायचा, आतला गर तासताना पाठ कशी राखायची म्हणजे कामटी वाकते पण मोडत नाही. पिठाची खळ, पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या. पहिल्या दिवशी पाच पोरं आली, चौथ्या दिवशी चौदा. निम्मी मुंबईहून आलेली.

त्यात विरारचा एक होता, दहावीतला. तीन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता. कानात ते इअरफोन घालून बसायचा. चौथ्या दिवशी त्याची कामटी मोडली, बोटाला लागलं, रागाने सगळं फेकून उठला. आबांनी त्याचं बोट धरलं, पाण्याखाली धुतलं, हळद दाबली आणि म्हणाले, "झिला, माझीय पयली मोडलेली. बापाशीन दुसरी दिल्यान." बस, एवढंच. तो परत बसला. त्याचा कंदील जरा तिरका झाला, पण वर्षभर विरारच्या त्यांच्या गॅलरीत लटकत होता, असं त्याच्या आईने मला परवाच फोनवर सांगितलं. यावेळी येताना त्याने स्वतःच्या पैशांनी पतंगाचा कागद आणलाय. पाच रंग. आता त्या पोराला मी काय सांगू?

आणि आबांनी काय केलं होतं ते सांगते. गेले आठ दिवस हा माणूस सकाळी चहा झाला की चिव्याच्या बेटाकडे जायचा. काठी तोडायची, फाडायची, तासायची, रात्रभर पाण्यात घालायची, सकाळी सावलीत सुकवायची. एका कंदिलाच्या कामट्यांची एक जुडी, सुतळीने बांधलेली. अशा पंधरा जुड्या. पाठ धरली होती तरी वाकून बसायचे. मी म्हटलं आबा, पुरे झालं, तर म्हणाले गेल्या वर्षी चौदा होती, एक जास्त धरूक व्हयी.

मी फोन केला ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांना. "वहिनी, यावर्षी नाही जमायचं. नरकासुराचं सामान आणि साउंडचे बॉक्स आत ठेवलेत. किल्ली पोरांकडे आहे." मग आधी सांगितलं का नाही? "राहून गेलं."

राहून गेलं! एक म्हातारा माणूस आठ दिवस राबतो, गावातून काखेत भारा घेऊन जातो, पायरीवर बसून राहतो, आणि तुमचं राहून गेलं. बॉक्सवाल्याला मात्र महिनाभर आधी ॲडव्हान्स द्यायला कोणाचं काही राहत नाही.

नरकासुरावर माझा राग नाही. आमची पोरं जीव तोडून करतात, रात्र रात्र जागतात, गवत आणि कागद लावून दहा-बारा फुटांचा देह उभा करतात, ते मला दिसतं. पहाटे तो जाळल्यावर घरी येऊन अंगाला उटणं लागतं, तुळशीपुढे कारीट पायाखाली फुटतं, तेव्हाच आमची दिवाळी सुरू होते. ते बंद करा असं कोण म्हणतंय? पण एका सभागृहात चार दिवस, रोज दोन तास, एवढीही जागा बाकीच्यांना मिळू नये? आणि हे "बाकीचे" कोण, तर पोरी, लहान पोरं आणि म्हातारी माणसं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाडी!

पोरींचं तर कोणी नावच घेत नाही. सुट्टी पडली की मुलगे क्रिकेटला, आणि मुली? करंज्या लाटायला, अंगण सारवायला, पाहुण्यांना चहा द्यायला. माझी पुतणी आठवीत आहे, शाळेत लंगडीत पहिली येते. गावात तिला खेळायला एक चौरस फूट जागा नाही. मैदानावर अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा, चषक, रोख बक्षिसं, समालोचन. ती मागे बांधावर बसून बघते. गेल्या वर्षी त्या चार दिवसांत शेजारच्या काकींनी मुलींना सागरगोटे शिकवले. काकी ७२ वर्षांच्या, गुडघे गेलेले. फुगडीची गाणी म्हणायला बसवलं तर आधी लाजल्या. "माका खंय आता येता," म्हणत म्हणत एकामागून एक अशी गाणी काढली की आम्ही तोंडात बोटं घातली. काका गेल्यापासून सात वर्षं त्या बाईचा आवाज वाडीने ऐकला नव्हता. घरातून कोणी "बसा, खा, औषध घ्या" यापलीकडे त्यांच्याशी बोलत नाही. मायेनेच करतात ते, पण मायेने सुद्धा माणूस अडगळीत पडतो.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन करतात ना सगळीकडे. आमच्याकडेही होतो. रक्तदाब तपासतात, दोन भाषणं होतात, शाल, नारळ, बिस्किटाचा पुडा. आबांच्या ट्रंकेत अशा तीन शाली आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशीचा वास येतो म्हणून मी दरवर्षी उन्हात घालते. तीन वेळा शाल मिळाली, पण एकदाही कोणी विचारलं नाही, "आबा, तुम्हाला काय काय येतं?" आबांना कंदील येतो. चटया विणता येतात. दशावतारातली अर्धीअधिक गाणी पाठ आहेत, संकासुराचं सोंग कसं येतं ते बसल्या बसल्या करून दाखवतात. पत्त्यांत तीनशेचार खेळताना चौघांच्या हातातली पानं त्यांना दिसत असावीत असं वाटतं. हे सगळं घेऊन ते पडवीत बसलेले असतात आणि त्यांच्यासमोरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सहा पोरं ओळीने बसून मोबाईलवर फ्रीफायर खेळत असतात, कारण तिथे रेंज येते. दोघांच्या मध्ये पंधरा पावलं आहेत. ती पंधरा पावलं कोणीतरी चालवून आणायला हवीत, आपोआप कोणी चालत नाही.

हो, आबासुद्धा मोबाईल बघतात. रात्री नऊ ते दहा भजनांची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना. मोबाईलला शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये.

७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला २०२२ च्या ऑगस्टपासून. चांगलंच झालं, कोणाला वाईट वाटेल? आबा पहिल्या आठवड्यात हौसेने कुडाळपर्यंत जाऊन आले. ज्या गाडीत आयुष्यभर तिकिटं फाडली तिच्यात खिडकीजवळ बसून. परत आल्यावर म्हणाले, "जावन करूचा काय?" मला तेव्हा हसू आलं होतं. आज नाही येत. खरंच आहे त्यांचं. फुकट गाडी आहे, पण उतरल्यावर कोणी वाट बघत नसेल तर माणूस कुठे जाणार? गेल्या दिवाळीत त्यांना घरापासून तीनशे पावलांवर जायचं होतं, आणि ते पावणेदहाला तयार असायचे.

आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ला ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ८ लाख ४९ हजार झाली. कमीच झाली! तरणी माणसं मुंबई-पुण्याला आणि गोव्याला, मागे घर राखायला म्हातारी. हे मी कोणाला सांगायला नको, तुमच्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असं माणूस आहे. म्हणूनच गणपती, दिवाळी आणि मे महिना या तीन वेळा महत्त्वाच्या. तेवढेच दिवस नातवंडं गावात असतात. त्या दिवसांत ती दोघं एकमेकांसमोर आली नाहीत तर मग कधी येणार? पुढच्या दिवाळीला? पुढच्या दिवाळीला कोण असेल, कोण नसेल, सांगता येतं का? काकींची तब्येत यंदा बरी नाही. अंथरुणातून उठत नाहीत. मला राहून राहून वाटतं, गेल्या वर्षी ती गाणी कोणी लिहून घ्यायला हवी होती. मीच घ्यायला हवी होती. नाही घेतली.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहून बोलले होते. सुट्ट्यांमध्ये आठ-आठ दिवस सभागृह सकाळी दोन तास उघडं ठेवा, पोरांसाठी आणि ज्येष्ठांसाठी मिळून. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी असतो, त्यातून चटया, कागद, कात्र्या, दोन कॅरम घ्या. कोणी विरोध केला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, लिहून घेतलं. मग पुढचा विषय पाखाडीचा, म्हणजे दगडी पायवाटेचा आला आणि त्यावर पाऊण तास भांडण झालं. पाखाडी हवीच, पावसात तिथे दोघं घसरून पडलीत, मला माहीत आहे. पण पाखाडीसाठी भांडणारी दहा माणसं मिळतात आणि यासाठी एकही मिळत नाही, हे बरोबर आहे का तुम्हीच सांगा.

"जागा नाही, निधी नाही, माणूस नाही." ही तीन वाक्यं मी आता ऐकून घेणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं दालन उभं केलं. आज लांबलांबून लोक तिथे येतात, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यातून झालं ते! आपल्याकडे तर फरशी घातलेलं, पंखे लावलेलं सभागृह आहे, आणि त्यात दिवाळीच्या चार दिवसांत काय आहे तर बॉक्स.

हे लिहिता लिहिता मघाशी उठून चहा ठेवायला गेले. आबा पडवीत होते. भाऱ्यातली एक जुडी सोडून एकटेच कंदील बांधत बसले होते. मी काही विचारलं नाही, बोलले नाही. चहा बाजूला ठेवला. त्यांचे हात आता थरथरतात, पण कामटी हातात आली की थरथरत नाहीत. खरंच नाही थरथरत. मी किती वेळ बघत उभी होते. मग एक गाठ मारायला मला म्हणाले, "बोट ठेव गो हय." मी बोट ठेवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांच्याकडून कंदील शिकायचं माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. किल्लीवाल्यांवर मघापासून एवढी ओरडतेय, पण ती पंधरा पावलं मी तरी किती वेळा चालले?

असो. वाद घालायचा असेल त्यांनी कमेंटमध्ये घालावा, मी उत्तर देईन, पण दिवाळीनंतर. सभागृहाची किल्ली मिळो ना मिळो. उद्या धनत्रयोदशी, दुपारी चार वाजता आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात या. खळं सारवून ठेवलंय. कात्री ज्याची त्याने आणा, खळ मी शिजवते, कामट्या तयार आहेत, चौदा जुड्या, एक आबांनी आत्ता वापरली. मुलींना आवर्जून पाठवा, करंज्या नंतर लाटतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही आणा, बसायला खुर्च्या आहेत, ज्यांना पत्ते खेळायचे त्यांनी पत्ते खेळा, ज्यांना नुसतं बघायचं त्यांनी बघा. नरकासुरवाल्या पोरांनो, तुम्हीसुद्धा या. तुमच्या नरकासुराचा हात गेल्या वर्षी मिरवणुकीत मोडला होता. आबा म्हणत होते की आतली कामटी उलटी बसवली होती. कशी बसवायची ते दाखवतील.

विरारवाल्याच्या आईला मी फोन केलाय. तो येतोय. बाकी कोण कोण येणार ते खाली लिहा, कारण आबा आत्ता तिसऱ्यांदा विचारून गेले, "किती जाणा येतीत गो?" आणि मला त्यांना नक्की आकडा सांगायचाय.