ब्लँकेटं तीन, ठेवायची कुठं?

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एका हॅकेथॉनमध्ये (झटपट अ‍ॅप बनवायच्या स्पर्धेत) बेघरांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. फुटपाथवर कुणी झोपलेलं दिसलं की फोटो काढायचा, नकाशावर पिन टाकायची, जवळचा स्वयंसेवक ब्लँकेट घेऊन हजर! बक्षीस मिळालं. ट्रॉफी अजून माझ्या फ्रिजवर आहे, तिच्यात सुटे पैसे असतात.

मग ते घेऊन आम्ही माटुंग्याच्या पुलाखाली गेलो. पहिल्याच मावशींनी विचारलं, "फोटो कशाला काढला रे भाऊ? कुणाला दाखवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात तीन वेगवेगळे ग्रुप त्यांना ब्लँकेटं देऊन गेले होते. "ठेवू कुठं? गाडी आली की सगळंच उचलून नेतात."

अ‍ॅपमध्ये या गाडीचा विचारच नव्हता. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढ्यावरही पोलिसांना माणूस वॉरंटशिवाय उचलता येतो. अशा शहरात बेघरांचा सगळ्यांना दिसणारा नकाशा बनवणं हे समाजकार्य आहे की खबरीगिरी, हे पिन टाकणाऱ्याच्या नाही, नकाशा बघणाऱ्याच्या हातात असतं.

दिल्लीत निवारा मंडळाचं असंच अ‍ॅप आहे. फोटो आणि लोकेशन पाठवलं की रेस्क्यू टीम येते आणि रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रनिवाऱ्यात नेते. तिथल्या थंडीत त्यानं जीव वाचतो, कारण पिनच्या दुसऱ्या टोकाला गाडी आहे, खाट आहे. आपल्याकडे दुसऱ्या टोकाला काय? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे लाख लोकसंख्येमागे एक, शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानं मुंबईला सव्वाशेच्या आसपास. आपण त्याच्या जवळपासही नाही. आणि त्याच जनगणनेत मुंबईत सत्तावन्न हजारांवर बेघर मोजले गेले होते. (मोजणाऱ्यांना दिसले तेवढे.)

मावशींना हवं होतं ते आधार कार्ड. रेशन, दवाखाना, बँक, सगळीकडे तेच मागतात, आणि त्याला पत्ता लागतो. यात मला निवडणूक आयोगाची पद्धत फार आवडते. बेघर माणसाला मतदार व्हायचं असेल तर पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही. अर्जात जिथे झोपतो ती जागा लिहायची, मग बूथ लेव्हल ऑफिसरनं (त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्यानं) रात्री तिथे जाऊन खात्री करायची, तीही एकापेक्षा जास्त रात्री. प्रत्यक्षात किती ऑफिसर जातात ते सोडा. पण नियम लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळली होती: माणूस ओळखायचा तर परत परत जावं लागतं.

आमचं अ‍ॅप एकदाच जाणाऱ्यांसाठी होतं. आता आम्ही वापरतो ते कुठल्याही हॅकेथॉनमध्ये पहिल्या फेरीत बाद होईल. एक साधी शीट. फोटो नाही, लोकेशन नाही, नावाऐवजी त्यांनीच सांगितलेलं टोपणनाव. कोण भेटलं, काय कबूल केलं, ते झालं का, पुढच्या वेळी कोण जाणार. "कबूल केलं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात लाजिरवाणा. शीट चौघांनाच उघडते. कुणी म्हणालं माझी ओळ काढा, तर काढतो, कारण विचारत नाही.

डेव्हलपर मित्रांनो, हातभार लावायचाच असेल तर नवीन अ‍ॅप नको. या शीटला मराठीत बोलून नोंद करायची सोय करून द्या, कारण आमच्यातल्या दोन ताई टाइप करायला कंटाळतात आणि सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच असते.

बाकीच्यांसाठी: रात्री ब्लँकेट वाटायला विचारलं की पंधरा हात वर होतात. मला येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मावशींबरोबर आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायला दोन माणसं हवी आहेत. अर्धी रजा टाकावी लागेल. इनबॉक्स करा.