तेरा अधिक एक

बास नावाचा मासा बेळगावात नाही. हिडकलच्या धरणात नाही, राकसकोपला नाही, मलप्रभेवरच्या नवीलुतीर्थाच्या धरणात नाही, आणि खडेबाजारात तर नाहीच. तो उत्तर अमेरिकेचा रहिवासी. तरी आपल्या भागात गळाची काठी घ्यायला निघालेला माणूस पहिल्या तासाभरातच या परदेशी माशाच्या तावडीत सापडतो. काठीवर, रिळावर, दोरीच्या डबीवर जे जे बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते बहुतेक त्यालाच उद्देशून असतं.

आपलं गिऱ्हाईक म्हणजे मरळ. तिला इंग्रजी येत नाही, पण स्वभाव तोच. झाडाझुडपात दबा धरायचा, वरून बेडूक गेला की झडप घालायची आणि गळ लागला की परत त्याच झुडपात घुसायचं. त्यामुळं बाससाठी केलेलं सामान मरळीला चपखल बसतं. कटला-रोहूसाठी पिठाचा गोळा लावून दिवसभर बसणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांना काठीपेक्षा घोंगडं चांगलं लागतं.

चिव्याची काठी, चार हात तंगूस आणि दोन रुपयांचा गळ यावर मासे मिळत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. काठाजवळची चिलापी, ओढ्यातली डोक, दगडाखालची वाम यांना एवढं पुरतं. पण मरळ बसते जलपर्णीच्या पलीकडं, वीस-पंचवीस मीटरवर. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेते, तेव्हा पाणी हलतं आणि आपल्याला तिचा पत्ता कळतो. पत्ता कळतो, पण चिवा तिथं पोचत नाही. खर्चाला सुरुवात होते ती इथं.

आपल्याकडं वस्तू लांबीवर पारखायची सवय आहे. ऊस, साडी आणि पुढाऱ्याचं भाषण लांब असलं की पैसे वसूल. त्याच हिशेबानं चोर्ला घाटातून गोव्याला गेलेला माणूस येताना समुद्रावरची बारा फुटी काठी घेऊन येतो. ती काठी शंभर-दीडशे ग्रॅमचं शिसं लाटांपलीकडं फेकायला केलेली असते. मरळीचं आपलं आमिष म्हणजे रबरी बेडूक, तो असतो दहा-बारा ग्रॅमचा. एवढ्या वजनाला ती वाकतच नाही, आणि वाकली नाही तर फेकत नाही, कारण फेक म्हणजे वाकलेल्या काठीचं सरळ होणं. बेडूक पुढ्यात सात-आठ मीटरवर पडतो आणि काठीचं टोक मागच्या बाभळीत अडकतं.

दुसरा मोह घडीच्या काठीचा. रेडिओच्या एरियलसारखी एकातून एक निघणारी ही काठी पिशवीत मावते, हा तिचा एकमेव गुण. प्रत्येक तुकड्यावर एक कडी असते आणि फेकता फेकता त्या कड्या आपापल्या मर्जीनं फिरतात. एक पूर्वेला, एक दक्षिणेला. मग दोरी काठीभोवती वेलासारखी चढते. सांध्यात नदीची बारीक वाळू गेली की तुकडा आत जात नाही आणि जोर केला की चिरतो. शिवाय इतक्या सांध्यांची काठी नीट कमानीत वाकत नाही. जागोजागी गुडघे फुटल्यासारखी वाकते.

माझं ऐकाल तर सात फुटांची, दोन तुकड्यांची काठी घ्यावी. उघडली की प्रत्येक तुकडा साडेतीन फुटांचा. लाल बसमध्ये पायाशी उभी राहते, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडत नाही, फार तर "हे काय ओ?" एवढंच विचारतो. एकसंध सात फुटी काठी जास्त चांगली, हे कबूल. पण ती स्कूटरवरून खानापूरला न्यायची म्हणजे मागं बसणाऱ्याला भालदाराची नोकरी.

मुठीच्या वर जे छापलेलं असतं ते चष्मा लावून वाचायचं. "मीडियम हेवी" म्हणजे काठी किती हट्टी ते, "फास्ट" म्हणजे ती कुठून वाकते ते. फास्ट काठी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकते, स्लो काठी मुठीपासून. मरळीला मीडियम हेवी आणि फास्ट हवी, कारण तिचं तोंड हाडाचं असतं आणि गळ रुतवायला झटका लगेच पोचावा लागतो. त्याच्या पुढं आमिषाचं वजन असतं, औंसात. पाव ते पाऊण औंस म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम. आपला बेडूक त्यात बसला की झालं. शेवटी "एलबी", म्हणजे दोरी किती वजनाची ताकद असलेली लावायची ते. हा घाबरण्याचा विषय नाही, हा आपल्या आज्याचा रत्तल. ४५४ ग्रॅम. किराणा दुकानातून हद्दपार झालेला रत्तल गळाच्या दुकानात सुखानं नांदतोय.

दुकानात काठी जोडून दाखवायला सांगावी. दुकानदारानं आधी डोक्यावरचा पंखा बंद केला तर तो जाणता, कारण काठ्या माशांपेक्षा पंख्यांनी आणि गाडीच्या दारांनी जास्त मोडतात. मग एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडं बघायचं, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मोजायच्याही. टोकाची सोडून सात फुटांना सात तरी असाव्यात. चार असतील तर दोरी काठीच्या अंगाला घासत जाणार. नंतर खिशातून कापूस काढायचा. लोक बघतात, बघू द्या. कडीच्या आतल्या चिनीमातीच्या गोलावरून कापूस फिरवायचा. तंतू अडकला की तिथं चीर आहे आणि ती चीर दर फेकीला दोरी सोलणार. हे चालू असताना दुकानदार आधी मराठीत "इंपोर्टेड हाय की ओ" म्हणतो. आपण दाद दिली नाही की "चलो ऐती री, तगोळ्ळी" (चांगली आहे हो, घ्या) असं कन्नडमध्ये सांगतो, जणू भाषा बदलली की चीर बुजते.

आता रीळ. इथं खरी लूट.

रिळाच्या खोक्यावर सोनेरी अक्षरात "१३+१" लिहिलेलं असतं. तेरा बेअरिंग, अधिक एक. रुपयाच्या आहेरावर वरचे चार आणे ठेवावेत तसा हा अधिक एक. स्वस्त रिळात तेरा बेअरिंग घातली म्हणजे तेरा ठिकाणी गंजायची सोय केली. नीट बसवलेली तीन-चार त्याहून चांगली. बेअरिंग मोजण्यापेक्षा चार गोष्टी हातानं बघाव्यात. हँडल दोन बोटांत धरून मागं-पुढं हलवायचं. हिसका बसेल एवढी मोकळीक असेल तर ते ठेवून द्यायचं. तारेची कमान उघडून मिटायची, 'टक्' असा एकच आवाज हवा. त्या कमानीच्या टोकाला दोरी जिथं वळते तिथं इवलासा रोलर असतो, तो बोटानं फिरला पाहिजे. फिरत नसेल तर दोरी तिथं घासून पीळ खाते. शेवटी ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती जोरावर सुटावी ते ठरवणारा रिळातला ब्रेक, थोडा घट्ट करून दोरी हातानं ओढायची. ती सरसर, एकसारखी सुटावी. अडत-अडत, धक्के देत सुटणारं रीळ मोठा मासा लागल्यावर अडतं, आणि तो अडला-सुटला असा धक्काच दोरी तोडतो.

रिळावर आकाराचा आकडा असतो, तो २५०० किंवा ३००० बघायचा. रिळावर ५.२:१ असं असेल तर हँडलचा एक फेरा म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या कमानीचे पाच फेरे. पुरे. नवख्यानं काठीच्या वर बसणाऱ्या बेटकास्टर रिळाच्या नादी लागू नये. त्यात फिरत्या चकतीला अंगठ्यानं आवरावं लागतं. अंगठा चुकला की दोरी बाहेर जाण्याआधी चकती पुढं पळते आणि आत सुगरणीचं घरटं तयार होतं. साधं स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लोंबतं. हे मुद्दाम सांगायचं कारण, राकसकोपच्या काठावर ते वर धरून हँडल उलटं फिरवणारी माणसं दिसतात. हँडल डावीकडचं उजवीकडं बदलता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पैशाचा हिशेब मी असा धरतो. तीन हजार असतील तर काठीला बाराशे, रिळाला तेराशे आणि दोरीला पाचशे. सर्वसाधारण माणूस काठीवर दोन हजार उडवतो, उरलेल्यात रीळ घेतो आणि दोरी "फ्री आली" म्हणून तीच वापरतो. फ्री आलेली दोरी दुकानात किती उन्हाळे बघून आलेली असते देव जाणे. नायलॉन उन्हानं कुजतं. ती काढून टोमॅटोची रोपं बांधावीत. महागाच्या काठीनंच मासा मिळतो असंही नाही. मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरीनं केला, २२ रत्तल ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या वर. तो आणि त्याचा सोबती दोघांत मिळून एकच काठी घेऊन गेले होते, असं सांगतात. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरितानं किंचित जास्त वजनाचा धरला, पण जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात. तेवढे भरले नाहीत म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा. दोन औंस म्हणजे ५७ ग्रॅम. एका बटाट्यासाठी गेलं.

दोरी तीन प्रकारची. पहिली नायलॉनची, म्हणजे आपलं तंगूस. स्वस्त, गाठ चांगली धरतं, पण ताणलं की रबरासारखं लांबतं आणि रिळाचा वेटोळा आकार विसरत नाही. दुसरी फ्लुरोकार्बन. पाण्यात कमी दिसते, बुडते आणि खिसाही बुडवते. तिसरी विणलेली, ब्रेड. पावाशी संबंध नाही, वेणी घातलेली दोरी. बारीक, दणकट आणि जवळजवळ न ताणणारी. मरळीला हीच, ३० रत्तलांची. आठ पदरी गुळगुळीत आणि महाग, चार पदरी खरबरीत आणि स्वस्त. जलपर्णीचे देठ कापत यायला चार पदरी उलट बरी.

ब्रेड नुसती रिळावर बांधली तर मासा ओढताना सगळा गुंडा जागच्या जागी गरगर फिरतो आणि आपल्याला वाटतं ड्रॅग बिघडला. म्हणून खाली आधी थोडं तंगूस गुंडाळायचं, वर शंभर मीटर ब्रेड. एका मोसमानंतर वरची वीस-तीस मीटर झिजते. तेव्हा फेकायची नाही, काढून उलटी गुंडाळायची, आतली कोरी बाजू वर. शर्टाची कॉलर उलटून शिवणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून ताणून घ्यायची. सैल भरली की वरचा थर खालच्यात रुततो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरली तर फेकताना झुबकेच्या झुबके बाहेर येतात, कमी भरली तर कडेला घासून फेक आखूड पडते. आणि दोरी कड्यांतून ओवायच्या आधी रिळाची कमान उघडायची. नाहीतर सातही कड्यांतून ओवून, बेडूक बांधून, हँडल फिरवल्यावर कळतं की दोरी कमानीच्या बाहेरच राहिली.

ब्रेड गुळगुळीत असल्यानं नेहमीची पिळाची गाठ तिच्यावर सरकते. पालोमार गाठ मारावी. दोरी दुमडून दुहेरी करायची, तो फासा गळाच्या डोळ्यातून काढायचा, साधी गाठ सैल ठेवायची, अख्खा बेडूक त्या फाशातून बाहेर काढायचा, थुंकी लावायची आणि ओढायचं. थुंकी किळसवाणी वाटली तर पाणी लावा, पण कोरडी ओढू नका. घर्षणाच्या उष्णतेनं दोरी तिथंच कमजोर होते.

ड्रॅगचं माप दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्याएवढं. ३० रत्तलांचा पाव म्हणजे साडेसात, साधारण साडेतीन किलो. पण स्वस्त रिळाला मी तिथवर ताणत नाही, दोन किलोंवर थांबतो. त्यासाठी काटा नको. दोन लिटरची पाण्यानं भरलेली बाटली रिळातून थेट सोडलेल्या दोरीला लटकवायची. ती सावकाश खाली उतरली पाहिजे. आणि मासा दोरी ओढत असताना हँडल फिरवायचं नाही. आत काही येत नाही, उलट दर फेऱ्याला दोरीत पाच पीळ पडतात.

कन्नडमध्ये गळाला 'गाळ' म्हणतात. आपला गाळ तळाशी असतो. हिडकलला बुडालेल्या झाडांच्या खुंटांत हे दोन्ही गाळ एकमेकांना भेटतात आणि मग सुटत नाहीत. अशा वेळी काठी वाकवून हिसके द्यायचे नाहीत, टोक फुटतं. काठी सरळ गळाच्या रेषेत धरायची, दोरी एखाद्या लाकडाला चार वेढे द्यायची आणि लाकूड धरून मागं चालत जायचं. हाताला वेढे दिले तर ब्रेड कातडी कापते. तुटलेली दोरी काठावर टाकायची नाही, बगळ्यांचे पाय अडकतात. कालव्यावर, उसाच्या कडेनं जाताना पंपसेटच्या तारा बघून काठी उचलायची. कार्बनची काठी वीज वाहते. तलाव कुणाच्या ठेक्यात आहे हे आधी विचारून घ्यायचं, नाहीतर मरळीच्या आधी ठेकेदाराचा माणूस गळाला लागतो.

घरी आल्यावर ड्रॅग पार सैल करायचा, घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या चेपून बसतात. रीळ ओल्या फडक्यानं पुसायचं, धार सोडायची नाही. रोलरवर आणि हँडलच्या बोंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल चालत नाही, ते थंडीत गोठतं. आणि शिलाई मशीनचं तेल घेण्याआधी मशीन जिची आहे तिला विचारलेलं बरं, कारण बाटली जागेवर नाही हे तिला पहिल्या टाक्याच्या आधी कळतं.